मनगटापर्यंतचा यहया

लियाकत सरखोत जेवायला बसला की आधी ताटातला भात, सालन आणि लोणचं एकमेकांपासून अंतर राखून आहेत ना, ते बघायचा. लोणच्याचं तेल भाताकडे सरकलेलं दिसलं की त्याच्या कपाळावर आठी चढायची. त्याची बायको जुलेखा म्हणायची, "ह्यांना भाकरीसुद्धा मार्जिन सोडून वाढावी लागते." तक्रार करायची, पण वाढताना मार्जिन सोडायची.

लियाकतचा त्यात फारसा दोष नव्हता. दुबईतल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत तो वीसेक वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलर होता. हे पद ऐकायला भारदस्त आहे. बाणकोटजवळच्या त्याच्या गावात तर अशी समजूत होती की दुबईचे सगळे कागद लियाकतनं मान हलवल्याशिवाय हलत नाहीत. लियाकतनं ती समजूत कधी दूर केली नाही. सुट्टीवर गेल्यावर लोक थोडं वचकून बोलायचे, ते त्याला बरं वाटायचं.

प्रत्यक्षातलं काम असं. साइटवरून आलेले फोटो, इंजिनियरांनी घाईघाईत लिहिलेला मजकूर, टेबलं, नकाशे हे सगळं वर्डच्या एका फाइलीत घालायचं, दोन-अडीचशे पानांचा मासिक रिपोर्ट करायचा आणि कन्सल्टंटला धाडायचा. कन्सल्टंट म्हणजे ह्यांचं काम तपासणारी दुसरी कंपनी. चुका काढण्याचाच तिला पगार होता आणि ती त्या पगाराला जागायची.

लांबलचक वर्डच्या फाइलीत फोटो घालणं काय असतं, ते ज्यानं घातले त्यालाच ठाऊक. बाराव्या पानावर एक स्वल्पविराम वाढवावा, तर चाळिसाव्या पानावरचा पंप उठून पुढच्या पानावर जाऊन बसतो, आणि त्याच्याखाली लिहिलेली ओळ मागे एकटीच राहते, बस चुकलेल्या बाईसारखी. पंप शोधायला जावं तर तो एखाद्या टेबलामागे दडलेला. काही फोटो तर अख्खे गायब होतात आणि नुसती खालची कड दाखवत राहतात, बंद दाराखालून दिसणाऱ्या पायांसारखी. मग शिकलेसवरलेले इंजिनियर घाबरतात आणि एंटर मारत सुटतात. एंटर मारून फोटो खाली ढकलायचा, तो गेला की मजकूर ओढून आणायचा, मजकूर आला की फोटो पुन्हा गेला. संध्याकाळपर्यंत हे चालतं आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, लियाकतभाईला बोलवा.

लियाकत यायचा, खुर्ची ओढायचा, आणि आधी पानावरची सगळी लपलेली चिन्हं उघडी करणारं बटण दाबायचा. स्क्रीनभर मुंग्यांसारखे एंटर दिसायला लागले की तो समोरच्याकडे नुसता बघायचा. "हबीबी, हे सगळे तुझे." मग एकेक काढत जायचा. फोटोला ओळीत बसव, तरंगता ठेवू नकोस, तरंगणाऱ्याचा भरवसा नसतो. ओळीची उंची तू बांधून टाकलीस म्हणून फोटो कापला जातोय, तिला मोकळं सोड. फोटो आणि त्याच्याखालची ओळ ह्यांना सांग की पान बदललं तरी बरोबर राहा. हे सांगताना त्याचा आवाज निकाह लावणाऱ्या काझीसारखा व्हायचा. काम झालं की "खलास" म्हणून चहाला जायचा.

लियाकतचे दोन नियम मात्र साऱ्या ऑफिसला पाठ होते.

एक नियम हलकेपणाचा. कन्सल्टंटच्या मेलमध्ये जड फाइल जात नसे. त्यामुळे फोटो घातला की नको तो भाग कापायचा आणि मग फोटो दाबून लहान करायचे. आता वर्डमध्ये फोटो कापला तरी कापलेला भाग जात नाही. शिंप्यानं पँटची लांबी आत दुमडावी तसा तो मागे दुमडलेला राहतो. कड धरून ओढली की परत येतो. पण दाबायच्या वेळी एक चौकोन येतो, कापलेला भाग कायमचा काढून टाकू का म्हणून विचारणारा. त्यात खूण केली की दुमड संपली, कात्री चालली. लियाकत ती खूण न चुकता करायचा. दुमडलेलं कापड घेऊन करायचं काय, असं त्याचं म्हणणं. फोटो फाइलीत बसला की मूळ फोटोही पुसून टाकायचा. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये इतकी स्वच्छता होती की तिथे नमाज पढता आली असती.

दुसरा नियम चेहऱ्यांचा. एकदा कन्सल्टंटनं अख्खा रिपोर्ट परत पाठवला होता, कारण एका फोटोत गटाराच्या पाइपाशेजारी एक कामगार दात काढून हसत होता. शेरा आला, फोटोत फक्त काम दिसावं. तेव्हापासून लियाकत माणसं कापायला लागला. पण खड्डा किती खोल, पाइप केवढा, हे दाखवायला फोटोत मोजपट्टी लागतेच, आणि मोजपट्टी धरायला हात लागतो. म्हणून हात ठेवायचा. मनगटापर्यंत. त्याच्यापुढचा माणूस कामाचा नाही.

तो हात बहुतेक वेळा यहयाचा असायचा.

यहया हा लियाकतचा धाकटा भाऊ, वयानं चांगला बारा वर्षांनी लहान. लियाकतनंच त्याला इकडे आणला आणि आपल्याच कंपनीत लावला. दुबईहून तासाभरावर, उम्म अल कुवैनला सांडपाण्याच्या लाइनीचं काम चाललं होतं, तिथे यहया चार्जहँड होता. म्हणजे आठ-दहा जणांच्या टोळीचा पुढारी. राहायला तिथेच कंपनीच्या कॅम्पात. साइटचा इंजिनियर रफिक फोटो काढायला आला की ओरडायचा, "यहया, टेप पकड." कारण यहयाचा हात हलत नसे. बाकीच्यांचे फोटो असे यायचे की मोजपट्टीवरचे आकडे शेजारच्या खड्ड्यात गेल्यासारखे वाटायचे.

यहयाच्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. लहानपणी होडीची फळी पडली होती त्यावर. रिपोर्ट बांधताना ते नख दिसलं की लियाकत स्क्रीनला म्हणायचा, "आलास का," आणि मनगटाशी कात्री लावायचा.

शुक्रवारी फोन झाला की यहया विचारायचा, "भाय, ह्या महिन्यात मी कुठल्या पानावर?"

"साठ. मॅनहोल नंबर नऊ. मनगटापर्यंत."

"एवढा पुरे. बाकीचा उन्हानं खराब झालाय."

"आणि मान तिकडे ठेवत जा रे. कापताना कान मध्ये येतो."

"तुला माझा कानपण जड झाला काय?" यहया हसायचा. मग गावच्या गोष्टी निघायच्या, आणि दोघं फोन ठेवायचे.

मागच्या सप्टेंबरात एका शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून यहया खोलीवर आला, जरा पडतो म्हणाला आणि उठलाच नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. हृदयाबद्दल आधी कधी तक्रार नव्हती. गावी न्यायचं की इथेच दफन करायचं, हे ठरवायला लियाकतनं बाणकोटला फोन लावला तेव्हा यहयाची बायको सुरैय्या एवढंच म्हणाली की कागदांसाठी त्यांना ताटकळत ठेवू नका. मग तिथेच माती दिली. लियाकत, रफिक आणि यहयाची टोळी. टोळीतल्या एकानं कबरीची खोली नुसत्या नजरेनं मोजली आणि मान हलवली, ते लियाकतनं पाहिलं.

चाळिसावा झाल्यावर सुरैय्याचा फोन आला. तिला काही मागायचं होतं आणि मागताना संकोच होत होता. यहयाची मुलगी उमैमा सात वर्षांची. शाळेत पोरींनी आपापल्या बापांचे फोटो दाखवले होते. कुणाचा ट्रकवर बसलेला, कुणाचा मुंबईत दुकानात. उमैमानं घरी येऊन विचारलं, माझे अब्बा काम करताना कसे दिसायचे. आता यहयानं कधी तसला फोटो पाठवला नव्हता. स्वतःचे फोटो काढायचं त्याला वेड नव्हतं. त्याच्या फोनात सापडले ते सगळे गावाकडूनच आलेले: आंबा, होडी, उमैमाचा पडलेला दात. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा, पण तो पलंगावर पडून. मागे उशी, वर तोंड.

"भाईजान, चेहरा आहे आमच्याकडे," सुरैय्या म्हणाली. "चेहराच चेहरा आहे. उभा असलेला माणूस नाही."

लियाकतला खरं तर हायसं वाटलं. त्याला वाटलं होतं, ही असं काही मागेल की जे देता येणार नाही. "एवढंच ना?" तो म्हणाला. "माझ्याकडे तर ढीग आहे. पाच वर्षांचे रिपोर्ट आहेत. उमैमाला सांग, बडे अब्बा उद्या पाठवतात."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्यानं पहिला रिपोर्ट उघडला. हात सापडला, चिरलेलं नख सापडलं. त्यानं फोटोवर टिचकी मारली, कापायचं बटण दाबलं, काळी कड धरली आणि मनगटापासून बाहेर ओढली. कड आली, पण तिच्यामागून पांढरं आलं. त्यानं आणखी ओढली. आणखी पांढरं. दुसरा फोटो, तिसरा फोटो, मागचा महिना, त्याच्या मागचा. प्रत्येक ठिकाणी मनगट संपलं की पान सुरू. कसं नसेल, खूण करायला तो एकदाही विसरला नव्हता. आयुष्यात कधी नव्हे ते त्याला वाटलं की आपण जरा गबाळे असतो तर बरं झालं असतं.

रफिक कंपनी सोडून मस्कतला गेला होता. त्याला फोन केला, तर त्यानं फोन केव्हाच बदललेला. जुने फोटो? "भाई, साइटच्या गटाराचे फोटो कोण ठेवतो?" तो म्हणाला, आणि मग लियाकत का विचारतोय हे लक्षात आल्यावर बराच वेळ माफी मागत राहिला.

लियाकतनं फाइली घरी आणल्या. दुबईच्या करामा भागातल्या त्याच्या दोन खोल्यांत लॅपटॉप ठेवायला जेवणाचं टेबल सोडून जागा नव्हती, म्हणून सगळ्यांच्या मधोमध बसून तो कडा ओढायला लागला. त्याची दहा वर्षांची सुमैय्या खांद्यावरून डोकावली.

"अब्बा, धिस इज ओन्ली अ हँड."

"चाचाचा आहे."

"आय नो. बट व्हेअर इज द रेस्ट ऑफ हिम?"

जुलेखानं तिला पाणी आणायला पाठवलं. सुमैय्यानं आणलेलं पाणी लियाकत प्यायला, आणि ग्लास लॅपटॉपला अगदी चिकटून ठेवला. एरवी तो असा ग्लास ठेवणाऱ्याशी दोन दिवस बोलला नसता. जुलेखानं तो गुपचूप उचलला.

सुरैय्यानं पुन्हा विचारलं नाही. तेच अवघड होतं. विचारलं असतं तर नेटवर्क, ऑफिस, सर्व्हर असं काहीतरी सांगता आलं असतं. ती तब्येत विचारायची, सुमैय्याचा अभ्यास विचारायची. मागे उमैमा पुस्तकात तोंड घालून बसलेली असायची, आणि लियाकतचा आवाज आला की पान उलटायचं थांबवायची. हळूहळू लियाकतनं फोन जुलेखाकडे द्यायला सुरुवात केली.

ऑफिसात त्याच्या समोरच्या टेबलावर जॅकलीन बसायची. वसईची, ऑफिसची सेक्रेटरी, आणि लियाकतची जन्माची वैरीण. म्हणजे दोघं एकाच किटलीतला चहा प्यायचे, पण फाइलींच्या बाबतीत जमायचं नाही. जॅकलीन काही पुसत नसे. तिच्या कॉम्प्युटरमध्ये सोडून गेलेल्या मॅनेजरच्या वाढदिवसाच्या केकपासून बंद पडलेल्या लिफ्टच्या तक्रारीपर्यंत सगळं होतं. मागे लियाकतचे वालिद गेले तेव्हा यहयाला साइटवरून सुट्टी मिळाली नाही, लियाकत मात्र महिनाभर गावी होता, आणि तो एक रिपोर्ट जॅकलीननं केला होता. तिनं बिचारीनं फोटो नियमाप्रमाणे कापले, पण दाबले नाहीत. फाइल इतकी जड झाली की कन्सल्टंटच्या दारातूनच परत आली. लियाकतनं परत आल्यावर सगळ्यांदेखत विचारलं होतं, "ही फाइल आहे की पाण्याचा टँकर?" स्वतः तो रिपोर्ट हलका करून पाठवला होता. जॅकलीन आठवडाभर बोलली नव्हती. नंतर नाताळच्या करंज्या आणल्या तेव्हा लियाकतच्या डब्यावर चिठ्ठी होती: हलक्या आहेत.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं पाहिलं की लियाकतभाई स्क्रीनवर पांढरं ओढतायत. तिनं विचारलं. त्यानं आधी काही नाही म्हटलं, मग सगळं सांगितलं. तिला सांगणं सोपं गेलं. भांडण झालेलं माणूस उगाच पाठीवर हात फिरवत नाही.

जॅकलीन थोडा वेळ चमच्यानं डाळ ढवळत राहिली.

"अहो लियाकतभाई," ती म्हणाली, "माझा टँकर आहे ना अजून."

फाइल उघडायला खूप वेळ लागला. एरवी लियाकत ह्यावर दोन वाक्यं बोलला असता. आज तो हात मांडीवर ठेवून बसला. पानं एकेक करून उमटली. त्रेसष्टाव्या पानावर मॅनहोल, मोजपट्टी, चिरलेलं नख. जॅकलीननं माउस त्याच्याकडे सरकवला. त्यानं परत तिच्याकडे सरकवला. "तुम्ही ओढा."

तिनं कापायचं बटण दाबलं, आणि मनगटाच्या पलीकडे करड्या रंगात एक माणूस उभा राहिला. तिनं कड ओढली तसा त्याला रंग आला. बाही वर दुमडलेली, कोपराला माती. नारिंगी जाकीट, त्याच्याआत निळ्या चौकटीचा शर्ट. एक पाय खड्ड्याच्या काठावर, एक मागे. बूट पांढरे पडलेले. उंच होता यहया. लियाकतला तो एवढा उंच आठवत नव्हता. खांद्यावर मान, आणि मान वळलेली. पूर्ण पलीकडे. हेल्मेटची मागची बाजू, एक कान, गालाची नुसती कड.

"अगंबाई," जॅकलीन म्हणाली, "नेमकं तिकडे बघितलं." तिनं दुसरा फोटो उघडला. मग तिसरा. रिपोर्टभर जिथे जिथे हात होता तिथे तिनं कड ओढली. प्रत्येक खड्ड्याशी यहया ताठ उभा होता, हात पुढे, मोजपट्टी सरळ, आणि मान तितकीच, तशीच, पलीकडे. "लाजायचे का हो फोटोला?"

लियाकतनं चष्मा काढला, पुसला, आणि पुसतच राहिला.

बऱ्याच वेळानं त्यानं एक फोटो निवडला, पहिलाच. जॅकलीननं विचारलं, गावाकडचं नेट बारीक असेल, दाबून पाठवू का. तो म्हणाला, नको. आहे तेवढा जाऊ दे.

बाणकोटला तो फोटो पोचायला दुपार गेली. लियाकत पुन्हा पुन्हा फोन बघत होता. रिपोर्टातल्या सिमेंटच्या टेबलाची बेरीज त्यानं त्या दुपारी तीनदा चुकवली आणि कुणी काही म्हणालं नाही. संध्याकाळी तो मेट्रोला न जाता पायीच करामाकडे निघाला, आणि तेव्हा सुरैय्याचा फोन आला. तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला.

ती म्हणाली, शर्ट मी दापोलीहून घेतला होता. मग म्हणाली, बूट केवढे मोठे हो. मग म्हणाली की भाईजान, दुसरे आहेत ते नका पाठवू, हा पुरे. चेहऱ्याबद्दल तिनं काही विचारलं नाही. लियाकतनं त्यासाठी दिवसभर वाक्यं जुळवून ठेवली होती: उन्हाची तिरीप होती, रफिकनं घाई केली, असली. ती वाक्यं त्याच्याजवळच राहिली.

"उमैमाला बोलायचंय," सुरैय्या म्हणाली.

फोन हातातून हातात गेला. पलीकडे श्वास ऐकू आला, जवळून, फोन तोंडाला लावून धरणाऱ्या पोरांचा असतो तसा.

"बडे अब्बा, मी फोटो मोठा करून बघितला."

"मग? कसे दिसतात?"

"उंच." ती थांबली. "ते तिकडे बघतायत ना, त्यांना कोणी हाक मारली?"

रस्त्यावरून एक डिलिव्हरीवाला मोटरसायकलवर गेला. लियाकतनं तो पार जाऊ दिला.

"मी," तो म्हणाला. "मी मारली, बाळा."

"मग लगेच वळले?"

"लगेच," लियाकत म्हणाला. "माझं सगळं ऐकायचा तो."